पहिल्या दहा ओळी कोणाच्या?

महिन्यातून दोनदा तरी मी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आणि तिथून दौंडला जातो. कारण लाकडाचं असतं. कुठे सागाच्या फळ्या बघायच्या असतात, कुठे एखाद्या मिस्त्रीचं काम अडलेलं असतं. पूर्वी या रस्त्यावर सुताराच्या शेडमधून रंध्याचा आवाज यायचा, आता राउटरचा येतो. उसाचं बिल जमा झालं की घराचं काम निघतं. घराचं काम निघालं की देवघर आलं, दाराची चौकट आली, जिन्याची जाळी आली. हे सगळं आता सीएनसी राउटरवर कोरलं जातं. पत्र्याची शेड, आठ बाय चारचं टेबल, मिनिटाला २४,००० फेरे घेणारा स्पिंडल आणि खिशात पेनड्राइव्ह. मशीन बहुतेक कर्ज काढून घेतलेलं.

अशा शेडमध्ये गेलो की मी एकच प्रश्न विचारतो. मालक कौतुकाने स्क्रीनवर फाइल उघडून दाखवतो. एका गणपतीच्या हजारो ओळी. मी म्हणतो, दादा, जरा वर जा. अगदी वर. या पहिल्या दहा ओळी कोणी लिहिल्या?

तीन उत्तरं मिळतात. 'त्या मशीनबरोबरच आल्यात.' 'सॉफ्टवेअर आपोआप टाकतं.' आणि तिसरं, 'त्यांना हात लावायचा नसतो, मशीन बसवायला आलेले साहेब सांगून गेलेत.'

या तिसऱ्या उत्तराशी माझं भांडण आहे. आजचं सदर त्यासाठीच.

* * *

राउटरला चित्र कळत नाही. त्याला ओळी कळतात. इथे जा, एवढ्या वेगाने जा, आता खाली उतर. या ओळींच्या भाषेला जी-कोड म्हणतात. चित्राच्या ओळी सॉफ्टवेअर बनवतं आणि त्या दर कामाला वेगळ्या असतात. पण चित्र सुरू होण्याआधी मशीनला तयार करणाऱ्या आणि चित्र संपल्यावर त्याला शांत उभं करणाऱ्या ओळी दर कामाला त्याच असतात. पहिल्यांना स्टार्ट कोड म्हणायचं, शेवटच्यांना एंड कोड. सॉफ्टवेअरमध्ये त्यांना स्वतंत्र जागा असते. कुठे सेटिंगमध्ये दोन रिकामे चौकोन दिलेले असतात, कुठे पोस्ट-प्रोसेसर नावाच्या छोट्या फाइलमध्ये हेडर आणि फूटर असतं. तिथे एकदा लिहिलं की पुढच्या प्रत्येक कामाला ते आपोआप लागतं. बरोबर लिहिलं असेल तर प्रत्येक काम बरोबर सुरू होतं. चुकीचं असेल तर वर्षानुवर्षं प्रत्येक कामात तीच चूक बसून असते आणि एखाद्या दिवशी बाहेर पडते.

असा राउटर माझ्याही शेडमध्ये आहे. तिथे ती चूक अशी बाहेर पडली.

सकाळी एका दुकानाच्या पाटीची अक्षरं कापली. फाइल गिऱ्हाइकाने कुठून तरी आणलेली आणि इंचात बनवलेली होती. तिच्या सुरुवातीलाच जी २० होतं, म्हणजे 'पुढचे आकडे इंच समज'. पाटी छान झाली. दुपारी देवघराच्या दाराची सागाची फळी चढवली. ही फाइल आमची, मिलिमीटरमधली. शेडमधल्या पोराने झिरो मारला आणि बटण दाबलं.

स्पिंडल वर निघाला तो वरच जात राहिला आणि टोकाला लागून कडकड वाजला. मग गँट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारी आडवी कमान, सुटली. तिला ३०० मिलिमीटरवर जायचं होतं, साधारण एका फुटावर. ती ३०० इंचांवर निघाली होती. ३०० इंच म्हणजे २५ फूट आणि माझं टेबल आठ फुटांचं. गँट्री टेबलाच्या टोकाला जाऊन आदळली आणि तिथेच थडथड करत पुढे घुसायला बघत राहिली. पोराने लाल बटणावर तळहात मारला तेव्हा शेड शांत झाली. कपलिंग सरकलं होतं, दोन दिवस काम बंद राहिलं. पोराला काही लागलं नाही, म्हणून ही गोष्ट मला आज लिहिता येते.

त्या संध्याकाळी मी आमच्या फाइलच्या पहिल्या ओळी वाचल्या. मशीन घेतल्यापासून पहिल्यांदा. त्यांत जी २१ नव्हतं, म्हणजे 'आकडे मिलिमीटर समज' हे मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. पोस्टची फाइल मला एका ओळखीच्याने दिली होती. त्याच्याकडे कधी इंचातली फाइल चालली नसणार, म्हणून त्याला ती कधी नडली नाही. मी न वाचता घेतली, म्हणून मला नडली. चूक पोराची नव्हती, मशीनचीही नव्हती.

* * *

यातलं कळीचं म्हणजे, जी-कोडमधले बरेच हुकूम एकदा दिले की बदलेपर्यंत लागू राहतात. सकाळी कोणी 'इंच' म्हटलं तर दुपारीही इंचच. सकाळची ती फाइल एम ३० वर, म्हणजे 'काम संपलं' या ओळीवर, अगदी नीट संपली होती. एम ३० वाचल्यावर बरेच कंट्रोलर स्पिंडल बंद करतात आणि मोजणीची पद्धत मूळ जागी आणतात. इंच-मिलिमीटर मात्र आहे तसं ठेवतात. हे मला माहीत नव्हतं.

दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर जाऊन बघा. मागच्या खेपेचं काहिलीला चिकटलेलं काढल्याशिवाय गुळव्या नवा रस ओतू देत नाही. मागच्या गुळाचा रंग पुढच्या गुळाला लागतो हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. स्टार्ट कोड म्हणजे ती काहील खरवडणं आहे. मागच्या कामाने मशीन कुठल्याही अवस्थेत सोडलेलं असो, आपलं काम स्वच्छ भांड्यात सुरू झालं पाहिजे.

आपल्या धंद्यात ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण आपल्याकडे मापं मिसळलेली आहेत. मिस्त्री सुतात बोलतो, आठ सुतांचा एक इंच. गिऱ्हाईक फुटात बोलतं. आर्किटेक्टचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येतं. प्लायला तोंडाने 'पाऊण इंची' म्हणायचं आणि बिलावर १८ एमएम लिहायचं. माणसं हे सगळं बोलता बोलता जुळवून घेतात. मशीन जुळवून घेत नाही. १८ हा आकडा त्याला मिलिमीटर म्हणून मिळाला तर ते प्लायच्या जाडीइतकं उतरेल. इंच म्हणून मिळाला तर तोच आकडा ४५७ मिलिमीटरचा होतो, आणि मग प्लाय, टेबल आणि बिट यांतलं काय आधी फुटतं एवढंच बघायचं राहतं.

रांजणगाव एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे कारखान्यातल्या मिलिंग मशीनवर, काम करणाऱ्या जाणत्या सेटरला विचारा. प्रोग्रामच्या तोंडाशी 'सेफ्टी लाइन' असावी लागते हे तो झोपेतही सांगेल. जी १७, जी ४०, जी ४९, जी ८०, जी ९०. मागच्या कामातली बिटाच्या जाडीची भरपाई रद्द, बिटाच्या लांबीचा हिशोब रद्द, भोकं पाडायचं चक्र रद्द. मोठ्या कारखान्यात ही शिस्त रोजची आहे. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती पोचलेली नाही. तोच सेटर सुट्टीला घरी येतो, भावाच्या राउटरशेजारी उभा राहून चहा पितो, पण फाइलच्या तोंडाशी काय आहे हे भाऊ त्याला विचारत नाही आणि तोही आपणहून बघत नाही. घरातलं ज्ञान घरात वापरलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

* * *

आता माझ्या दहा ओळी सांगतो. जशाच्या तशा उतरवून घेऊ नका, का ते पुढे येईल.

पहिली ओळ कंसातली. कंसातलं मशीन वाचत नाही, माणूस वाचतो. त्यात काम, तारीख, फळीची जाडी आणि लावायचं बिट. बऱ्याच कंट्रोलरना देवनागरी अक्षरं झेपत नाहीत, म्हणून ती ओळ मी रोमन अक्षरांत लिहितो, पण मराठीत. वाचणारा पोरगा मराठी आहे.

दुसरी जी २१. तिसरी जी ९०, म्हणजे प्रत्येक आकडा झिरोपासून मोज, आत्ता जिथे उभा आहेस तिथून नको. चौथीत जी १७ आणि जी ९४, म्हणजे गोलाई आडव्या पातळीत धर आणि वेग मिनिटाच्या हिशोबाने मोज. पाचवीत जी ४०, जी ४९, जी ८०, म्हणजे सेटरचे ते तिन्ही 'रद्द'. सहावी जी ५४, म्हणजे फळीच्या कोपऱ्यावर आम्ही मारलेला झिरो धर.

सातव्या ओळीत पहिली हालचाल आहे आणि ती फक्त वर आहे. जी ५३ जी ० झेड उणे ५. माझ्या मशीनवर होम केल्यावर झेडचा शून्य सगळ्यात वर असतो. त्याच्या ५ मिलिमीटर खाली, म्हणजे जवळजवळ छताला, आधी बिट नेऊन ठेवायचं. आडवं जाणं त्यानंतर. क्लॅम्प कुठे लावलाय हे मशीनला दिसत नाही. जी २८ लिहिलं की मशीन ठरलेल्या जागी जातं एवढंच पुष्कळांना माहीत असतं. बिट खाली असताना ते लिहिलं तर वाटेतला क्लॅम्प तोडूनही ते त्या जागी जाईल. आधी वर आणि मग आडवं, हा क्रम एकदाही मोडायचा नाही.

आठवी ओळ, एक्स आणि वायच्या झिरोवर जा. नववी एम ३ एस १८०००, स्पिंडल सुरू. दहावी जी ४, म्हणजे थांब.

या दहाव्या ओळीपाशी थोडं थांबतो, कारण हीच ओळ सगळ्यात जास्त वगळलेली दिसते. स्पिंडलला हुकूम मिळाला म्हणजे तो लगेच १८,००० फेऱ्यांवर पोचत नाही. व्हीएफडीत, म्हणजे स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या डब्यात, जेवढे सेकंद भरलेले असतात तेवढे त्याला लागतात. मशीनचे बाकीचे अक्ष मात्र वाट बघत नाहीत. थांबायची ओळ नसेल तर अर्ध्या वेगाने फिरणारं ६ मिलिमीटरचं बिट सागात घुसतं आणि कट्कन मोडतं. मग आपण म्हणतो, बिट हलक्या मालाचं होतं. दुकानदाराशी भांडून झालं की दुसरं बिट लावतो आणि तेही मोडतं. घड्याळ लावा. एम ३ दिल्यापासून आवाज एका सुरात येईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा आणि त्यात दोन मिळवून ओळीत लिहा. एवढंच करायचं आहे.

आणि आता, उतरवून घेऊ नका असं का म्हणालो ते. जी ४ पी १० या ओळीचा अर्थ माझ्या कंट्रोलरवर दहा सेकंद थांब असा होतो. फानुकच्या पद्धतीने चालणाऱ्या कंट्रोलरवर पी मिलिसेकंदात मोजतात. तिथे हीच ओळ एका सेकंदाचा शंभरावा भाग थांबेल, म्हणजे थांबणारच नाही. उलट कोणी फानुकवाल्याची जी ४ पी ८००० ही ओळ सेकंदवाल्या कंट्रोलरवर आणली तर ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास, मशीन नुसतं उभं राहील. पोरगा बघेल, घाबरेल आणि बंद करेल. जी-कोडचं आरएस-२७४-डी हे प्रमाण १९८० मध्ये ठरलं, तरी दर कंट्रोलरची बोली थोडी वेगळीच राहिली. दुसऱ्याची ओळ बघावी, तिचा अर्थ त्याला विचारावा, आपल्या मशीनच्या पुस्तकात ताडून पाहावा आणि मग आपली ओळ आपण लिहावी.

* * *

शेवटाकडे येऊ.

दौंड जंक्शनवर ज्याने बालपण काढलं त्याला गाडी सुटण्याचे आणि गाडी पोचल्याचे नियम तोंडपाठ असतात. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथे एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. पुढे बाहेरून कॉर्ड लाइन झाली. इंजिन लागलं म्हणून गाडी लगेच हलत नाही. ब्रेकची हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचते की नाही ते आधी बघतात. हा झाला स्टार्ट कोड. आणि गाडी स्टेशनातून पुढे जाते तेव्हा रेल्वेचा माणूस शेवटच्या डब्याची पाठ बघतो. तिथे 'एलव्ही'ची पाटी असते, लास्ट व्हेइकल. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली. दिसली नाही तर काही डबे मागे सुटले असतील, म्हणून धावपळ.

फाइलच्या शेवटचा एम ३० म्हणजे ती एलव्हीची पाटी. पेनड्राइव्ह घाईत ओढून काढला की फाइल अर्धवट उतरते. नाव बरोबर, तारीख बरोबर, पण शेवटच्या दोन-तीनशे ओळी गायब. मशीन काम करत करत मध्येच थांबतं. स्पिंडल फिरतोय, बिट लाकडात रुतलेलं, लाकडातून धूर. बंद करायची ओळ पोचलेलीच नसते. म्हणून बटण दाबण्याआधी फाइलच्या तळाशी जाऊन एम ३० आहे का ते बघा. पाच सेकंद लागतात.

माझा एंड कोड सहा ओळींचा आहे. आधी बिट लाकडातून वर, फिरत असतानाच. आत असताना स्पिंडल बंद केला तर बिट लाकडाला घासून जळतं. मग एम ५, स्पिंडल बंद. मग जी ४, थांब. मग एम ९, कूलंट बंद. मग गँट्री मागच्या टोकाला, म्हणजे पुढून फळी उचलायला जागा मोकळी. शेवटी एम ३०.

यातली तिसरी ओळ, ते थांबणं, कापण्याच्या काहीही उपयोगाचं नाही. फळी कापून झालेली असते. ती ओळ माणसाच्या हातासाठी आहे. एम ५ नंतरही स्पिंडल काही सेकंद फिरत राहतो. पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलचा आवाज मुळात कमी, त्यात धूळ ओढणारा पंखा सुरू असतो, त्यामुळे तो कानाला कळत नाही. बिटाचा दांडा गोल, म्हणून लांबून डोळ्यालाही कळत नाही. गँट्री मागे निघाली की पोरांना वाटतं काम संपलं, आणि ती हात घालून भुसा झटकायला लागतात. माझ्या शेडमध्ये नियम आहे, गँट्री मागे गेल्याशिवाय टेबलावर हात नाही. आणि स्पिंडल पूर्ण थांबल्याशिवाय गँट्री मागे जाऊ नये, हे त्या तिसऱ्या ओळीने बांधून टाकलंय. नियम सांगून विसरला जातो. ओळ विसरत नाही.

दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या पोरांच्या बोटांचा हा प्रश्न आहे. मालकाला फळीचा हिशोब येतो, बिटाचा येतो. या ओळीचा हिशोबही त्याला आला पाहिजे.

* * *

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. एंड कोड चालेलच याची खात्री कधीच नसते. पोराने मध्येच लाल बटण दाबलं तर तो चालत नाही. लाइट गेली तर चालत नाही. आणि आपल्या भागात लाइट किती वेळा जाते हे मी सांगायला नको. म्हणून मागच्या कामाच्या शेवटावर विसंबून पुढच्या कामाची सुरुवात लिहू नये. सुरुवात अशी लिहावी की मागे काहीही घडलं असलं तरी चालेल.

लाइट आली की मशीनला आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक नसतं. आधी होम करा. होम न करता माझी सातवी ओळसुद्धा बिट भलतीकडे नेईल. काही कंट्रोलर लाइट जाताना कुठली ओळ चालू होती ते लक्षात ठेवतात आणि तिथून पुढे नेतात, ते उत्तम. पण जिथे हाताने फाइल तोडून 'बाराहजाराव्या ओळीपासून चालव' असं करतात, तिथे एक घोटाळा हमखास होतो. पहिल्या दहा ओळी मागे राहतात. स्पिंडल सुरू करायची ओळ त्या दहांतच होती. बंद स्पिंडलसकट बिट लाकडात चालत जातं. उरलेली फाइल चालवायची असेल तर त्या दहा ओळी तिच्या डोक्यावर पुन्हा चिकटवा आणि आडवी हालचाल संपल्यावरच बिट खाली उतरेल असं बघा.

काहीही बदललं की पहिल्यांदा हवेत चालवा. झिरो फळीच्या ५० मिलिमीटर वर मारायचा, पूर्ण काम हवेत होऊ द्यायचं आणि हात लाल बटणापाशी ठेवायचा. आधीच्या पोस्टची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून मगच नवीत हात घालायचा.

* * *

आता त्या 'हात लावायचा नसतो' कडे परत येतो.

आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने लोकांना दाखवलं. मूळ कल्पना हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्स यांची. तेव्हा हुकूम कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून दिले जायचे. आपला एम ३० त्या पट्टीच्या काळाची आठवण आहे. 'काम संपलं, पट्टी गुंडाळून परत सुरुवातीला आण' असा त्याचा पूर्ण अर्थ.

त्याच एमआयटीतल्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्सने बरोबर ५० वर्षांनी, २००२ मध्ये, फॅब लॅब उभी करायला जागा निवडली ती आपल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ. मस्तानीची समाधी आहे ते पाबळ. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. फॅब लॅब म्हणजे लेझर कटर, राउटर, छोटं मिलिंग मशीन अशी हत्यारं सामान्य माणसाच्या हातात देणारी कार्यशाळा. आणि ती पाबळला आली, कारण तिथे विज्ञान आश्रम होता. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून या कमी पावसाच्या गावात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी तो सुरू केला. शाळेतून गळलेल्या पोरांना हाताने काम करत विज्ञान शिकवायचं, गावाला लागणारं खरं काम करायचं आणि यंत्र उघडून बघायचं. २००३ मध्ये ते गेले. आश्रम आणि कार्यशाळा चालू आहेत.

ज्या तालुक्यात चाळीस वर्षांपूर्वी एक माणूस येऊन सांगून गेला की खेड्यातल्या पोराला यंत्राच्या पोटात हात घालू द्या, त्याच तालुक्यात आपण पोरांना म्हणतो, पहिल्या दहा ओळींना हात लावू नको. मला हे सहन होत नाही. कर्ज आपण फेडायचं, लाइटबिल आपण भरायचं, बिट मोडलं तर आपण आणायचं, आणि मशीन कसं सुरू व्हावं नि कसं थांबावं हे दुसऱ्याने ठरवायचं?

माझी मागणी तिघांकडे आहे. मशीन विकणाऱ्यांनो, मशीनबरोबर स्टार्ट आणि एंड कोडचा एक कागद द्या, दर ओळीचा अर्थ मराठीत लिहिलेला. बसवायला येणाऱ्या माणसाने जाण्याआधी तो ऑपरेटरकडून वाचून घ्यावा. आयटीआयच्या शिक्षकांनो, परीक्षेत पोरांना तयार फाइल द्या, तिच्या पहिल्या दहा ओळी खोडून द्या आणि त्या लिहायला सांगा. चित्र काढता येणं निम्मं काम आहे. आणि शेडच्या मालकांनो, येत्या रविवारी मशीन बंद ठेवून दोन तास बसा. एकेक ओळ वाचा. अर्थ लागत नसेल ती ओळ वहीत उतरवा आणि अर्थ लागेपर्यंत विचारत फिरा. रांजणगावला कामाला जाणारा भाऊ किंवा मेव्हणा घरात असेलच, त्याला विचारा. पाबळला जा.

* * *

माझ्या शेडच्या भिंतीवर, लाल बटणाच्या वर, आमच्या सोळा ओळींचा कागद चिकटवलेला आहे. दहा सुरुवातीच्या, सहा शेवटच्या, समोर मराठीत अर्थ. अक्षर त्या पोराचं, ज्याने त्या दिवशी तळहात मारून मशीन थांबवलं होतं.

गेल्या महिन्यात मी कागद बघितला तर ओळी सतरा झालेल्या. आठव्या आणि नवव्या ओळीच्या मध्ये त्याने एम ० घातलंय, म्हणजे पुन्हा बटण दाबेपर्यंत थांब. मी विचारलं, हे कशाला रे? तो म्हणाला, "काका, आठव्या ओळीला बिट कोपऱ्याच्या बरोबर वर येऊन उभं राहतं. तिथं थांबवलं की पेन्सिलची खूण बरोबर खाली आहे का ते दिसतं. झिरो चुकला असला तर स्पिंडल सुरू व्हायच्या आधीच कळतं."

मला इतक्या दिवसांत हे सुचलं नव्हतं. पोस्टच्या फाइलमध्ये ती ओळ मी त्यालाच टाकायला लावली. पुढे कंसात त्याने रोमन अक्षरांत लिहिलंय, 'खूण बघ, मग दाब'.